येरवड्याचा पूल, व्हाइसरॉयसाठी हजार रुपये आणि एकटा पडलेला सभासद : नगरपालिकेतले जोतीराव फुले

महापालिकेची निवडणूक लागली की खराडीतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक गोष्ट हमखास फिरते. ती म्हणजे उमेदवारांची शपथपत्रं. कुणाच्या नावावर किती गुंठे, कुणाकडे किती तोळे, कुणाची कुठल्या फर्ममध्ये भागीदारी. लोक स्क्रीनशॉट काढतात, आकड्यांना लाल गोल करतात आणि मग खाली चर्चा रंगते की धंदा करणाऱ्या माणसाने नगरसेवक व्हावं की नाही. त्यातही धंदा बांधकामाचा असेल तर विचारूच नका.

खराडीत हा प्रश्न जास्तच टोचतो. १९९७ साली हे गाव पुणे महापालिकेत आलं. तोवर इथे ज्वारी-बाजरीची रानं होती. मग आयटी पार्क आले, टॉवर आले, डीपी रस्ते आले. आणि रस्ता कुठून जाणार हे ज्या सभागृहात ठरतं, तिथे बसणाऱ्याची जमीन नेमकी त्याच रस्त्याला लागून असेल तर काय करायचं, हा प्रश्नही त्यांच्यासोबत आला.

पण हा प्रश्न आजचा नाही. खराडीहून नगर रोडने पुण्याकडे निघालं की शहरात शिरताना नदी ओलांडावी लागते. तिथल्या येरवड्याच्या जुन्या पुलाच्या कामाशी एका कंत्राटदाराचं नाव जोडलेलं आहे. हा कंत्राटदार पुढे पुणे नगरपालिकेचा सभासद झाला आणि सहा वर्षं त्या पदावर राहिला. त्याच्या नावाने आज पुण्यात मंडई आहे, वाडा आहे, महाराष्ट्रभर शाळा आणि कॉलेजं आहेत.

तो कंत्राटदार म्हणजे महात्मा जोतीराव फुले.

मुलींची शाळा काढणारे फुले सगळ्यांना माहीत आहेत. सत्यशोधक समाजाचे फुले माहीत आहेत. पण चुना, दगड, मजुरांची हजेरी आणि बिलं यांत आयुष्याचा मोठा काळ घालवलेले फुले फारसे कुणी सांगत नाही. नगरपालिकेच्या बैठकीत बसलेले फुले तर त्याहून कमी.

गोष्ट सुरू होते एका भेटीपासूनच.

फुले घराण्याचं मूळ आडनाव गोऱ्हे. गाव सातारा जिल्ह्यातलं कटगुण. पुण्यात आल्यावर या घरातल्या भावांनी पेशव्यांच्या दरबाराला फुलं, हार, गजरे पुरवायला सुरुवात केली आणि त्यावरून फुले हे आडनाव पडलं. काम आवडलं म्हणून पेशव्यांनी त्यांना जमीन इनाम दिली. इनाम म्हणजे सत्तेने खूश होऊन दिलेली भेट. आता अशी भेट घरात आली की घराचं काय होतं ते बघा. थोरल्या भावाने सगळी जमीन आपल्याकडे ठेवली आणि जोतीरावांचे वडील गोविंदराव यांच्या हाती काही राहिलं नाही. त्यांनी स्वतःचा भाजीपाला-फुलांचा धंदा उभा केला.

जोतीरावांचा जन्म १८२७ चा. आई चिमणाबाई त्यांच्या लहानपणीच गेल्या. १८४० मध्ये सावित्रीबाईंशी लग्न झालं, मग स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिक्षण आणि १८४८ मध्ये बुधवार पेठेत भिडे वाड्यात मुलींची शाळा. वडिलांनी घराबाहेर काढलं, हा भाग सगळ्यांना पाठ आहे, त्यामुळे तो इथे सोडून देऊ.

पुढचा मुद्दा मात्र महत्त्वाचा. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी पुण्यात विश्रामबाग वाड्यात सरकारने जोतीरावांचा सत्कार केला. मेजर कँडी यांच्या हस्ते त्यांना शालजोडी देण्यात आली. शालींची किंमत दोनशे रुपयांच्या घरात होती. त्या काळात ही रक्कम म्हणजे साध्या कारकुनाची अनेक महिन्यांची कमाई.

ही भेट कशी होती हे नीट पाहण्यासारखं आहे. ती भर सभेत दिली गेली, कशासाठी दिली ते सगळ्यांसमोर सांगितलं गेलं, रक्कम लपवली नाही आणि घेणाऱ्याच्या हातात त्या बदल्यात देण्यासारखी कुठलीही सत्ता नव्हती. ते शाळा चालवत होते, कुठल्या समितीवर बसून कुणाचं टेंडर पास करत नव्हते. भेटवस्तूंबद्दल जगात कुठेही नियम लिहायला बसलं तर शेवटी प्रश्न हेच उरतात. कोणी दिलं, किती दिलं, कशासाठी दिलं, आणि घेणाऱ्याच्या खुर्चीचा त्याच्याशी संबंध आहे का.

शाळांना दक्षिणा फंडातून सरकारी अनुदानही मिळू लागलं होतं. पण घर शाळांवर चालत नाही. जोतीरावांनी सार्वजनिक काम करून पोट भरण्याऐवजी वेगळा धंदा धरला. १८६० च्या दशकात धातूच्या ओतकामाला लागणारं साहित्य विकण्याची एजन्सी त्यांच्याकडे होती. मग बांधकाम साहित्याचा पुरवठा आणि त्यातून थेट कंत्राटं. पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनी या नावाने भागीदारीत काम सुरू झालं.

इंग्रज सरकारला तेव्हा बांधकामाचं वेड लागलं होतं. रेल्वे, पूल, बोगदे, बराकी, कालवे. कर्नल फाइफ यांच्या योजनेतून खडकवासल्याचं धरण उभं राहत होतं. कात्रजचा बोगदा, येरवड्याचा पूल आणि खडकवासल्याचा कालवा ही कामं जोतीरावांच्या धंद्याशी जोडली जातात. दगड फोडणारे, चुना मळणारे, पाट्या उचलणाऱ्या बायका या सगळ्यांना ते रोज भेटत होते. शहरातल्या इतर सुधारकांपैकी बहुतेकांनी मजूर पाहिले ते पुस्तकात किंवा खिडकीतून. जोतीरावांनी त्यांची हजेरी घेतली, पगार वाटले.

आणि इथेच त्यांना सरकारी बांधकामात पैसा कसा झिरपतो ते कळलं.

बांधकाम खात्यात वर गोरा इंजिनिअर असायचा, पण कागद, हजेरीपट आणि मोजमाप खालच्या कारकुनांच्या हातात. १८७३ साली आलेल्या गुलामगिरी या पुस्तकाला जोडून जोतीरावांनी याच इंजिनिअर खात्यातल्या लबाडीवर एक पोवाडा छापला. ते कारकून बहुतेक ब्राह्मण होते आणि जोतीरावांनी ते जातीचं नाव घेऊनच लिहिलं. या आडपडदा न ठेवण्याचा त्यांना पुढे आयुष्यभर त्रास झाला. पण मुद्दा असा की हा पोवाडा ऐकीव माहितीवर नव्हता. खात्याशी ज्याचा रोजचा व्यवहार आहे, ज्याची बिलं त्याच टेबलावर अडकू शकतात, अशा कंत्राटदाराने तो लिहिला होता. आजच्या भाषेत सांगायचं तर ठेकेदाराने स्वतःच्या नावानिशी खात्यातली टक्केवारी बाहेर काढली होती. आज असं करणारे किती ठेकेदार सापडतील, याचा विचार वाचणाऱ्याने करावा.

त्याच वर्षी, २४ सप्टेंबर १८७३ रोजी, सत्यशोधक समाज स्थापन झाला. समाजाला पैसा लागत होता आणि तो देणाऱ्यांत मुंबईतले तेलुगू भाषिक ठेकेदार पुढे होते. रामय्या व्यंकय्या अय्यावारू, व्यंकू बाळोजी काळेवार ही त्यातली नावं. कामाठीपुऱ्याकडच्या या मंडळींनी मुंबईच्या इमारती बांधल्या आणि पुण्याच्या चळवळीला बळ दिलं. म्हणजे जोतीरावांचे मित्र ठेकेदार, भागीदार ठेकेदार आणि ते स्वतःही ठेकेदार.

अशा माणसाला १८७६ मध्ये पुणे नगरपालिकेवर नेमलं गेलं.

नेमलं गेलं, निवडून आले नाहीत. हा फरक समजून घ्यायला हवा. पुण्याची नगरपालिका १८५७ ची. पण सुरुवातीची कित्येक वर्षं तिच्यावर सरकारी अधिकाऱ्यांचा वरचष्मा होता आणि सभासद सरकार नेमायचं. शहरातले सरदार, सावकार, पेन्शनर, व्यापारी अशी प्रतिष्ठित मंडळी त्यात असायची. ज्याने नेमलं त्याच्याविरुद्ध बोलायचं कसं, हा अलिखित शिष्टाचार सगळे पाळायचे. स्थानिक संस्थांमध्ये लोकांनी निवडलेले सभासद असावेत हा लॉर्ड रिपन यांचा ठराव आला मे १८८२ मध्ये, म्हणजे जोतीरावांची मुदत संपत आली तेव्हा.

जोतीरावांच्या बाबतीत एक जादा अडचण होती. त्यांचं पोट सरकारी कामांवर चालत होतं. नगरपालिकेतले साहेब आणि बांधकाम खात्यातले साहेब एकाच क्लबात बसणारे. इथे सरकारला दुखावलं तर तिथे बिल अडकू शकत होतं. हितसंबंध म्हणजे फक्त नगरपालिकेचं टेंडर घेणं नव्हे. आपल्या मताने कोण नाराज होईल आणि त्याची किंमत आपल्या धंद्याला कशी मोजावी लागेल, हाही हितसंबंधच.

आता १८८० सालाकडे येऊ.

त्या वर्षी जोतीरावांनी नगरपालिकेला एक पत्र लिहिलं. विषय होता दारूची दुकानं. शहरात दुकानं वाढत होती, कष्टकऱ्यांचे संसार उघडे पडत होते आणि नगरपालिका मात्र आरोग्यासाठी खर्च करत होती. एका हाताने लोकांचं आरोग्य राखायचं आणि दुसऱ्या हाताने ते बिघडवणाऱ्या दुकानांकडे डोळेझाक करायची, हा उलटा कारभार असल्याचं त्यांनी दाखवून दिलं. या दुकानांवर कर बसवावा अशी मागणी केली. दारूचं उत्पन्न सरकारच्या तिजोरीत जात होतं, त्यामुळे हे पत्र थेट सरकारच्या खिशाला हात घालणारं होतं.

त्याच सुमारास दुसरा प्रसंग घडला. व्हाइसरॉयसाहेब पुण्याला येणार होते. त्यांच्या स्वागतासाठी, शहराच्या सजावटीसाठी आणि मानपत्रासाठी नगरपालिकेच्या पैशातून एक हजार रुपये खर्च करावेत असा प्रस्ताव आला.

एक हजार रुपये. कुणाच्याच खिशातून जाणार नव्हते. मानपत्र वाचताना पुढच्या रांगेत उभं राहायला मिळणार होतं. कुणी विरोध करण्याचं काही कारणच नव्हतं.

जोतीरावांनी विरोध केला. हा पैसा करदात्यांचा आहे, तो पाहुण्याच्या सरबराईवर उधळण्यापेक्षा गरिबांच्या शिक्षणावर घालावा, असं त्यांचं म्हणणं होतं. पाहुण्याला या खर्चाचा काही उपयोग नाही आणि शहराला तर नाहीच.

मतदान झालं. तीसहून अधिक सभासदांत विरोधात मत पडलं फक्त एक.

प्रस्ताव अर्थातच मंजूर झाला. पैसे खर्च झाले, कमानी लागल्या असतील, मानपत्र वाचलं गेलं असेल. पण या एका मताकडे आजच्या नजरेने पाहिलं तर ते दिसतं त्यापेक्षा मोठं आहे. भेट फक्त सभासदाला दिली जाते असं नाही. सभासदही वरच्यांना भेटी देतात, आणि त्या बहुतेक वेळा लोकांच्या पैशातून. मंत्र्याच्या सत्काराचा हार, नेत्याच्या वाढदिवसाचे फ्लेक्स, उद्घाटनाचा मंडप. मंजुरी देणाऱ्यांतल्या प्रत्येकाला त्यातून काहीतरी मिळतं. ओळख मिळते, फोटो मिळतो, पुढचं तिकीट मिळतं. अशा वेळी कुठलाही कायदा मोडला जात नाही. म्हणून तर विरोध करणं अवघड.

मग कायदा नक्की कशाला अडवतो?

पुणे महापालिकेला लागू असलेला कायदा १९४९ चा आहे, आज तो महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम म्हणून ओळखला जातो. त्याच्या कलम १० मध्ये कोण नगरसेवक होऊ शकत नाही याची यादी आहे. महापालिकेच्या कंत्राटात ज्याचा स्वतः किंवा भागीदारामार्फत, थेट किंवा आडून हिस्सा आहे, तो अपात्र ठरतो. काही सवलती आहेत. समजा एखाद्या मोठ्या कंपनीत तुमचे शेअर आहेत आणि त्या कंपनीला पालिकेचं काम मिळालं, किंवा तुमच्या वर्तमानपत्रात पालिकेची जाहिरात आली, तर तेवढ्यावरून पद जात नाही. मुंबईच्या १८८८ च्या कायद्यातही कलम १६ मध्ये हेच तत्त्व आहे. म्हणजे जोतीराव जिवंत असतानाच हा विचार कायद्यात उतरला होता.

पुढची पायरी यायला मात्र शतक उलटावं लागलं. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उमेदवाराची मालमत्ता, कर्ज आणि गुन्हे जाणून घेणं हा मतदाराचा हक्क असल्याचा निकाल दिला. पुढे स्थानिक निवडणुकांतही शपथपत्रं आली. खराडीच्या ग्रुपवर फिरणारे स्क्रीनशॉट त्या निकालाचे नातवंडं आहेत असं म्हणायला हरकत नाही. भेटींच्या बाबतीत, नगरसेवक हा भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या नजरेत लोकसेवक असतो. कामाच्या बदल्यात घेतलेला कुठलाही गैरलाभ म्हणजे लाच, मग तो पाकिटात असो नाहीतर फार्महाउसच्या चावीत. इंग्लंडमध्ये तर २०११ च्या कायद्याने प्रत्येक कौन्सिलरचे आर्थिक हितसंबंध एका नोंदवहीत लिहून जनतेसाठी खुले ठेवावे लागतात आणि स्वतःचा संबंध असलेला विषय आला की त्याला चर्चेतून बाजूला व्हावं लागतं.

आता कुणी विचारेल, मग आजच्या कायद्यात जोतीराव बसले असते का? वर सांगितलेली त्यांची कामं, म्हणजे बोगदा, पूल, कालवा, ही सरकारी बांधकामांतली. नगरपालिकेच्या तिजोरीतली नव्हेत. कलम १० ला महापालिकेशी केलेलं कंत्राट लागतं. त्यामुळे धंद्याने ठेकेदार असणं हा एवढाच काही गुन्हा ठरत नाही. कायद्याने तेव्हाही नाही, आताही नाही.

पण एवढ्यावर समाधान मानायचं कारण नाही, कारण जोतीरावांनी कायद्याने सांगितलं नसताना एक गोष्ट केली.

१८८२ साली शिक्षणाची चौकशी करण्यासाठी सरकारने हंटर आयोग नेमला. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी जोतीरावांनी आयोगाला इंग्रजीत एक निवेदन दिलं. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, शेतकऱ्यांकडून शिक्षणाच्या नावाने गोळा होणारा पैसा शेतकऱ्यांच्या मुलांवर खर्च करा, ही त्यातली मुख्य मागणी. भारतातल्या शिक्षणाच्या इतिहासात या निवेदनाला मोठं स्थान आहे. पण इथे बघायची आहे ती शेवटची ओळ, सहीखालची.

तिथे त्यांनी समाजसुधारक असं लिहिलेलं नाही. सत्यशोधक समाजाचा संस्थापक असंही नाही. त्यांनी आपली ओळख तीन शब्दांत दिली आहे. व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर. पत्ता, पेठ जुना गंज. तेव्हाच्या भाषेत म्युनिसिपल कमिशनर म्हणजे आजचे आयुक्त नव्हेत, नगरपालिकेचा सभासद. म्हणजे धंदा आणि पद दोन्ही एकाच सहीखाली, शेजारी शेजारी.

शिक्षणाबद्दल बोलताना आपण शेतकरी आहोत हे सांगणं म्हणजे या मागणीत आपलाही संबंध आहे हे मान्य करणं. शेतसाऱ्यातून शिक्षणाचा पैसा जातो आणि सारा भरणाऱ्यांत आपणही आहोत. वाचणाऱ्याने काय समजायचं ते समजावं.

शेतकरी हा शब्दही शोभेचा नव्हता. खडकवासल्याच्या कालव्याचं पाणी पुण्याच्या पूर्वेला हडपसर, मांजरीकडे आलं तेव्हा गावकरी ते घ्यायला बिचकत होते. पाणीपट्टी परवडेल का, जमीन खराब होईल का, अशा शंका. जोतीरावांनी मांजरीजवळ जमीन घेतली आणि कालव्याच्या पाण्यावर बागायत करून दाखवली. खराडीच्या नदीकाठी उभं राहिलं तर समोर मुंढवा आणि खालच्या अंगाला मांजरी. हा सगळा पट्टा जोतीरावांच्या पायाखालचा.

इथे एक गंमत आहे. ज्या कालव्याच्या कामाशी धंदा म्हणून संबंध आला, त्याच कालव्याचे ते पुढे गिऱ्हाईक झाले. आणि मग १८८३ च्या शेतकऱ्याचा असूड या ग्रंथात त्यांनी त्याच पाटबंधारे कारभाराची सालटी काढली. पट्टी वेळेवर घेतात पण पाणी वेळेवर देत नाहीत, अधिकारी ऐषारामात आणि शेतकरी कर्जात. प्रत्येकाला त्याच्या वाट्याचं पाणी मोजून मिळेल अशी व्यवस्था करा, अशी सूचनाही त्यांनी केली. ठेकेदार म्हणून गप्प बसले असते तर सोयीचं होतं.

सभासदत्व १८८२ मध्ये संपलं. पण नगरपालिकेच्या खर्चावरची नजर हटली नाही. १८८० च्या दशकात पुण्यात भव्य मंडई बांधायचं ठरलं. खर्च तीन लाखांच्या घरात. तोवर भाजीबाजार शनिवारवाड्यासमोर उघड्यावर भरायचा. जोतीरावांनी या खर्चाला विरोध केला. एवढा पैसा इमारतीवर घालण्यापेक्षा शाळांवर घाला, हा जुनाच धोशा.

इथे जोतीरावांशी असहमत होता येतं. पुण्याला पक्क्या मंडईची गरज होती आणि ती इमारत सव्वाशेहून अधिक वर्षं शहराला भाजी पुरवते आहे. पण त्यांच्या हितसंबंधाच्या बाजूने पाहा. घर फुलं-भाजीच्या धंद्यातलं, जात माळ्याची, व्यवसाय बांधकामाचा. तीन लाखांची मंडई बांधली गेली तर फायदा होऊ शकणाऱ्यांच्या यादीत ते दोन्ही बाजूंनी बसत होते. तरी ते विरोधात गेले.

मंडई १८८६ मध्ये उघडली. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने ती रे मार्केट झाली. पुढे आचार्य अत्रे पुणे नगरपालिकेत होते तेव्हा त्यांनी तिचं नाव बदलून महात्मा फुले मंडई केलं. ज्या इमारतीला विरोध केला तिच्यावरच नाव लागलं, असा मान क्वचितच कुणाला मिळतो.

२ मार्च १८८८ चा प्रसंग या सगळ्याला जोडूनच घ्यावा लागतो. जोतीरावांचे श्रीमंत मित्र हरी रावजी चिपळूणकर यांनी ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्यासाठी पुण्यात मेजवानी दिली. हे ड्यूक म्हणजे राणी व्हिक्टोरियाचे चिरंजीव. सगळं शहर दागिन्यांनी मढून आलं होतं. जोतीराव आले ते साध्या शेतकऱ्याच्या वेशात, फाटकं मुंडासं आणि खांद्यावर घोंगडी. दारावर अडवणूक झाली, यजमानांनी आत आणलं. मग भाषणात त्यांनी राजपुत्राला सांगितलं की इथे जमलेले हिरे-मोत्यांतले लोक म्हणजे हिंदुस्थान नव्हे, खरी प्रजा बघायची असेल तर खेड्यांत जा. व्हाइसरॉयच्या हजार रुपयांना जे मत दिलं होतं, तेच आता अंगावर घालून आले होते म्हणा ना.

त्याच वर्षी ११ मे रोजी मुंबईत मांडवीच्या कोळीवाड्यात लोकांनी त्यांना महात्मा ही पदवी दिली. सरकारने नव्हे, संस्थानिकाने नव्हे. यानंतर काही महिन्यांत पक्षाघाताचा झटका आला आणि उजवी बाजू लुळी पडली. डाव्या हाताने लिहून त्यांनी आपलं शेवटचं पुस्तक पूर्ण केलं.

आता पैशाचं काय झालं ते बघू, कारण कुठल्याही लोकप्रतिनिधीच्या बाबतीत शेवटी हिशोब तिथेच होतो.

१८८७ च्या जुलैमध्ये, म्हणजे आजारपणाच्या आधी, जोतीरावांनी मृत्युपत्र करून ते नोंदवलं होतं. जोतीराव-सावित्रीबाईंना मूल नव्हतं. त्यांनी काशीबाई नावाच्या एका ब्राह्मण विधवेच्या मुलाला, यशवंतला, दत्तक घेतलं होतं. जातीबाहेरचा दत्तक भाऊबंद मानणार नाहीत, मिळकतीवर हक्क सांगतील, हे ओळखून त्यांनी सगळं कागदावर आणलं. मिळकत यशवंतला द्यावी, पण तो बिघडला तर शेतकरी-कष्टकरी जातींतल्या लायक मुलाला द्यावी, अशी अट घातली. स्वतःच्या वारसालाही त्यांनी बिनशर्त भेट दिली नाही.

पण तोवर देण्यासारखं फार उरलं नव्हतं. शाळा, बालहत्या प्रतिबंधक गृह, दुष्काळातली अन्नछत्रं, पुस्तकांची छपाई यांत कमाई जिरली होती. आजारपणात औषधपाण्याची ओढाताण सुरू झाली. मामा परमानंद यांनी बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांना पत्र लिहून मदतीची विनंती केली आणि महाराजांनी मदत केली. धरण-कालव्यांच्या काळात ठेकेदारी केलेला, सहा वर्षं नगरपालिकेत बसलेला माणूस शेवटी मित्रांनी मागितलेल्या मदतीवर जगला. त्या पिढीतले पुण्यातले इतर कंत्राटदार काय मागे ठेवून गेले ते शहरातल्या वाड्यांवर आणि बंगल्यांवर वाचता येतं.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले. अंत्ययात्रेत टिटवं कुणी धरायचं यावरून भाऊबंदांनी वाद घातलाच. सावित्रीबाई पुढे झाल्या आणि त्यांनी स्वतः टिटवं धरलं.

यशवंत बिघडला नाही, डॉक्टर झाला. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग आला तेव्हा सावित्रीबाईंनी त्याला बोलावून घेतलं आणि हडपसरजवळ सासाणे मळ्यात दवाखाना सुरू केला. खराडीच्या समोर, नदीपलीकडच्या मुंढव्यात अस्पृश्य वस्तीतला एक मुलगा प्लेगने पडला होता. सावित्रीबाई त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आल्या. मुलगा वाचला. त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.